सारोळ्यातलं जपान

सारोळ्याला नीरेच्या पुलाच्या अलीकडे एक ढाबा आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याच्या मागच्या खोलीत दरवर्षी जपान भरतं. आठ-दहा माणसं जमतात, दारात चपला काढतात, कमरेत वाकून एकमेकांना नमस्कार करतात, खाली सतरंजीवर बसतात आणि भात खातात. ही सगळी माणसं आपापल्या घरीही चपला बाहेरच काढतात, खालीच बसतात आणि भातच खातात. पण घरी केलं की त्यांना ते गावंढळ वाटतं आणि सारोळ्यात केलं की जपानी शिष्टाचार. मी त्या खोलीत कित्येक वर्षं मांडी घालून बसले आहे, तेव्हा हे बोलायचा मला अधिकार आहे.

पुण्यात दरवर्षी अ‍ॅनिमेच्या चाहत्यांचं मोठं संमेलन होतं. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी लोकांच्या चित्रांतून केलेल्या मालिका आणि सिनेमे. वेल्ह्याच्या बाजारात त्याला सरसकट कार्टून म्हणतात, आणि मी कुणाला सुधारायला जात नाही. संमेलनाला चाहते नुसतं कॉन म्हणतात. दोन दिवस एका प्रचंड हॉलमध्ये पोरंपोरी आपल्या आवडत्या पात्रांचे कपडे शिवून, गुलाबी-हिरव्या केसांचे टोप चढवून, पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन हिंडतात. त्यांचे फोटो काढायला बाकीचे हिंडतात. मग पुढच्या रविवारी भोर, वेल्हे आणि नदीपलीकडच्या शिरवळ भागातले आम्ही चाहते सारोळ्याला जमतो, आणि कॉनला काय अनुभवलं ते एकेकानं सांगायचं, असा परिपाठ आहे.

मी वेल्ह्यात एसटी स्टँडसमोर मेडिकल चालवते. वडील तहसील कचेरीत कारकून होते. ते गेले, मागोमाग आई गेली. लग्न मी केलं नाही आणि आता कुणी विचारत नाही याचं मला सुखच आहे. दुपारी बाजार पेंगायला लागला की मी काउंटरवर मोबाईल उभा करते आणि अ‍ॅनिमे बघते. मारामाऱ्यांचे नाहीत. मला त्यातले ते तुकडे आवडतात ज्यात काहीच घडत नाही. कुणीतरी डबा भरतं, कुणीतरी गाडीची वाट बघत उभं राहतं, खिडकीतून डोंगर दिसतो. डोंगर माझ्या खिडकीतूनही दिसतो, चांगला तोरण्यासारखा डोंगर. पण त्याच्याकडे इतक्या मायेनं बघणारं माणूस मला इथं भेटलेलं नाही. हे मला मनापासून आवडतं आणि ते आधीच सांगून ठेवते. पुढे मी जी नावं ठेवणार आहे ती घरातल्या माणसानं ठेवलेली आहेत.

आमचे अध्यक्ष भोरचे. त्यांना कुणी निवडलेलं नाही. ते कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतात, जपानला कधी गेलेले नाहीत, पण बोलतात असे की जणू तिथले जावई आहेत. दर वाक्यात एक जपानी शब्द, तोही भोरच्या हेलात. खोलीत शिरलं की सगळ्यांचे मोबाईल एका वेताच्या टोपलीत ठेवायचे, हा त्यांचाच नियम. अनुभव डोळ्यांत साठवायचा असतो, मोबाईलमध्ये नाही, असं ते म्हणतात. खरं कारण असं की कॉनला ते दिवसभर संयोजकांच्या मागे मागे फिरतात, आणि फोटोत तेवढंच दिसतं.

अनुभव कसले असतात तेही सांगते. अध्यक्षांचा अनुभव म्हणजे संयोजकांचं काय चुकलं आणि ते यांनी त्यांच्या कसं लक्षात आणून दिलं. शिरवळचं एक जोडपं आहे, दोघांचे केस एकाच डबीतल्या रंगानं निळे केलेले. त्यांचा अनुभव म्हणजे त्यांचा फोटो कुणी कुणी मागून घेतला. बाकीच्यांना दरवर्षी तिथं रडू येतं. गाणं सुरू झालं आणि मला रडूच आलं, पडदा उजळला आणि मला रडूच आलं. एवढी माणसं एवढी रडतात तर त्या हॉलमध्ये चिखल कसा होत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर अध्यक्षांनी मला अंतर्मुख व्हायचा सल्ला दिला.

माझा स्वतःचा अनुभव मी दोन वाक्यांत उरकायची. गेले, बघितलं, पाय दुखले, आले. मला दरवर्षी कॉनचा राग येतो आणि दरवर्षी मी जाते.

त्या खोलीत ऐकण्यासारखं बोलणारी एकच होती. ती पासलीची. वेल्ह्याहून वर डोंगरात गेलं की पासली, भाताची खाचरं आणि त्यांच्या वर कातळ. त्या कातळावर चढलं की मोबाईलला रेंज येते. बावीस-तेवीस वर्षांची ही मुलगी वडिलांच्या दम्याच्या औषधांसाठी माझ्याकडे यायची. एकदा औषधं पिशवीत टाकता टाकता तिनं माझ्या मोबाईलकडे मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "ताई, ह्यो शेवटी परत येतो. तुमी रडू नका." मी रडत नव्हते, पण मला तिचा राग आला नाही. त्या वर्षी मी तिला सारोळ्याला घेऊन गेले.

अध्यक्षांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "मग, तुम्ही काय बघितलंत कॉनला?"

तिनं सांगितलं. गर्दीला कंटाळून ती म्हणे हॉलच्या मागच्या दाराशी गेली. तिथं पायरीवर राक्षसांचा राजा बसला होता. तोंडाला काळा रंग, कपाळावर शिंगं, आणि पंख काढून भिंतीला टेकवून ठेवलेले. तो मांडीवर डबा घेऊन पोळी-भाजी खात होता आणि शेजारी बसून त्याची आई एक फाटका पंख काळ्या दोऱ्यानं शिवत होती. शिवता शिवता ती त्याला म्हणाली, नीट जेव, मग उड.

निळ्या केसांच्या बाईनं नाक ओढलं, आणि त्या खोलीत ते पहिल्यांदाच खरं वाटलं. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं मी त्या हॉलमध्ये पायपीट करते आहे आणि मला मागचं दार काही दिसलं नाही. पुढच्या वर्षीही तिनं असंच एक सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी लोक तिची पाळी येईपर्यंत भातसुद्धा वाढून घेईनात. अध्यक्ष म्हणायचे, गावाकडची असून हिला दृष्टी आहे. ते 'असून' त्यांना स्वतःला ऐकू येत नसावं.

गेल्या वर्षी कॉन संपवून मी परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर ही दारात उभी. मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल झालेले, मानेवर पुरळ, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. भाताच्या कुसळांनी अंगाला अशी खाज सुटते, कापणीच्या दिवसांत माझ्याकडे रोज तेच मलम जातं. अंगठा विळ्यानं कापलेला. मी मलम दिलं, पट्टी बांधली आणि विचारलं, "शनिवार-रविवार कुठं होतीस?"

"शेतात," ती म्हणाली. "सावड हाय ना."

अगदी सहज म्हणाली. आणि त्याच आठवड्यात, रविवारी, सारोळ्यात सतरंजीवर बसून तिनं कॉनचा अनुभव सांगितला, तोही अंगठ्याला मी बांधलेली पट्टी तशीच असताना. लाकडी तलवार विकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा अनुभव होता तो. म्हातारा म्हणे तलवार हातात देण्याआधी प्रत्येक पोराला विचारत होता की मारणार कुणाला. लोक डोलत होते. मी तिच्या पट्टीकडे बघत होते आणि मला भयंकर संताप आला. या माणसांचं बाकी सगळं मी सहन केलं होतं, कारण निदान ती जाऊन तरी येत होती.

त्यावर कडी म्हणजे त्याच दिवशी अध्यक्षांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी कॉनच्या स्टेजवर मराठी चाहत्यांना अनुभव सांगायला वेळ मिळणार आहे, आणि आपल्या गटातून एकानं जायचं. जाहीर करताना त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, म्हणजे कुणी जायचं हे त्यांच्या मनात ठरलेलं होतं. पण निळ्या केसांची बाई म्हणाली, पासलीवालीलाच पाठवू. तिच्या नवऱ्यानं हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले, आणि अध्यक्षांना स्वतःचा हात सर्वांत शेवटी, खांदा दुखत असल्यासारखा वर करावा लागला. तिनं फक्त मान खाली घातली.

परतताना चेलाडी फाट्यावर वेल्ह्याची एसटी मिळाली. ती खिडकीशी बसली, मी शेजारी. गाडी सुटल्यावर मी म्हटलं, "तू कधी गेलीच नाहीस ना?"

"न्हाई," ती म्हणाली. "कवाच न्हाई."

"आणि हे सगळं सांगतेस ते?"

"मोबाईलवर बगते. समदी फोटू टाकतात की. त्येंचं ध्यान फुडं असतं, त्यात मागं कोपऱ्यात कायबाय दिसतं. बाकीचं मनानं लावते." मग जराशानं म्हणाली, "आन् म्या कवा म्हनले म्या गेलते? त्येंनी इचारलं काय बघितलं. त्ये म्या सांगितलं."

मला हसू आवरेना आणि हसल्याचा रागही आला. मी विचारलं, "मग इतकी वर्षं गेली का नाहीस? पुणं काय जपानमध्ये आहे?"

"सावडीच्या दिसांतच येतं त्ये, ताई. सारोळ्याच्या ऐतवारापातुर सावड उरकती."

पासलीकडे भाताची कापणी सावडीनं होते. प्रत्येक घरातलं एक माणूस आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. माणसाच्या बदल्यात माणूस द्यायचं, मजुरी नाही. एखाद्या घरानं दिवस चुकवला तर भांडण होत नाही, कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही. फक्त त्या घराची पाळी आली की त्याच्या खाचरात कुणी उतरत नाही आणि पिकलेला दाणा उभ्याचा झडतो. हिच्या घरी वडिलांना दमा, आई म्हशी आणि भारे बघणार, भाऊ पुण्यात कंपनीत आणि दिवाळीचा फराळ संपला की परत. सावडीला घरातलं माणूस म्हणजे हीच.

"मग आता पुढच्या वर्षी काय?" मी विचारलं.

"ताप आला म्हनून सांगायचं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "एकदा बगायचं मातर हुतं. खरंच असतंय का तसं."

माझा हेतू उदात्त होता असं कुणी समजू नये. तिला ताप आला असता तर स्टेजवर अध्यक्ष गेले असते, आणि माइक हातात घेऊन कमरेत वाकलेले अध्यक्ष माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. ते मला सोसलं नसतं. मी विचारलं, "सावडीला माणसाला माणूस लागतं ना? कुठलंही चालतं?"

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. "तुमाला?" एवढंच म्हणाली.

यंदा कॉनच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानाला कुलूप लावून पासलीला गेले. तिच्या आईला पुण्यात पोरीचा काहीतरी कार्यक्रम आहे एवढंच ठाऊक होतं, आणि मेडिकलवाल्या बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे हे तिनं मनोमन ओळखलं होतं. "ताई, हात सोलत्याल," असं तिनं मला तीन-तीनदा सांगितलं. सकाळच्या एसटीनं मुलगी खाली गेली. पिवळा पंजाबी ड्रेस, तेल लावून घातलेली वेणी, हातात कापडी पिशवी. तसला एकही माणूस कॉनला नसतो. मी तिला म्हटलं, निदान केस तरी मोकळे सोड. ती म्हणाली, "वाऱ्यानं गुता हुतो," आणि गेली.

मग मी तिचा विळा घेऊन वरच्या आळीतल्या कुणाच्या तरी खाचरात उतरले. वेल्ह्यात जन्म गेला तरी आमच्या घराला गुंठाभर शेत नाही, आणि भात मी आयुष्यभर ताटातच बघितलेला. बायका ओळीनं वाकल्या आणि सरसर पुढे गेल्या. मी मूठ धरते तोवर त्या बांधाला पोचायच्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहायच्या. सारोळ्याच्या खोलीत लोकांना नावं ठेवायची माझी मक्तेदारी आहे असं मी समजत होते. पासलीच्या बांधावर मला माझ्या तोडीच्या बायका भेटल्या.

"ही कोन म्हनायची?"

"मेडिकलवाली हाय."

"मग गोळ्या मोजाया बरी."

"तिची वळ बगा की, रेडकू चरून गेल्यावानी."

एका म्हातारीनं तर माझ्या हातून विळा काढून घेतला, मागे पुढे फिरवून बघितला, विळ्यात काही दोष नाही अशी खात्री केली आणि परत दिला. मला राग आला, पण उत्तर द्यायला दम नव्हता. दुपारी ज्यांचं शेत त्यांच्याकडून घेवड्याची आमटी आणि भाकरी आली. हात इतके थरथरत होते की आमटी भाकरीपेक्षा पदरावर जास्त सांडली. मग पुन्हा उतरलो. दिवस कलताना तिची आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भरला दिस. आता कोन काय म्हनायचं न्हाई." कानाला ते बरं वाटलं. मानेवर तोवर पुरळ उठलं होतं आणि मलम वेल्ह्यात कुलपात होतं.

मुलगी परत आली तेव्हा मी निघून गेले होते. आठवडाभर ती दुकानात फिरकली नाही, आणि सावड चालू होती म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. तिथं काय झालं ते मला सारोळ्यातच कळलं.

यंदाच्या रविवारी खोलीत शिरले तर वाकून नमस्कार वगैरे काही नाही. अध्यक्षांचं तोंड आंबलेलं. मुलगी दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसलेली. मोबाईल टोपलीत गेले, आणि अध्यक्षांनी यंदा अनुभवकथनाऐवजी थेट खटलाच सुरू केला. स्टेजवर त्यांनी स्वतः तिची ओळख करून दिली होती. आमच्या ग्रामीण भागातली जुनी, जाणती चाहती, दरवर्षी न चुकता येणारी, असं सगळं. आणि माइकवाल्या मुलीनं विचारलं, इतक्या वर्षांतली तुमची सर्वांत आवडती आठवण कोणती?

"आणि ही काय म्हणाली माहितीये?" अध्यक्ष माझ्याकडे वळले, जणू न्यायाधीश मीच. "म्हणाली, म्या पहिल्यांदाच आले. आदी नुसतं मोबाईलवर बगून सांगायची." त्यांनी तिची नक्कल करायचा प्रयत्न केला, पण तो हेल त्यांना जमला नाही. त्यांच्या आजीला जमला असता. "सगळा हॉल हसला."

"टाळ्यापण वाजवल्या," निळ्या केसांचा नवरा हळूच म्हणाला. बायकोनं त्याला कोपर मारलं.

"आपल्या गटाचं नाक कापलं गेलं," अध्यक्ष म्हणाले. "इतकी वर्षं आपण विश्वासानं ऐकलं. मला वाटतं माफी मागायला हवी."

"चुकलं माजं," ती लगेच म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. अध्यक्षांची पंचाईत झाली, कारण त्यांनी भाषण बरंच लांब तयार केलेलं दिसत होतं. मग उपकार केल्यासारखं ते म्हणाले, "ठीक आहे. यंदा तर गेला होतात ना? मग सांगा यंदाचा अनुभव. खरा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मीही.

"बरं हुतं," ती म्हणाली. "गर्दी लई हुती."

ते वाट बघत राहिले. पुढे काही आलं नाही. कुणीतरी हुं केलं, कुणीतरी सतरंजीचा दोरा उपटायला लागलं. निळ्या केसांची बाई म्हणाली की आधीचेच अनुभव जास्त खरे वाटायचे. अध्यक्षांनी मान हलवली, म्हणाले की शेवटी दृष्टी असावी लागते, आणि पुढच्या वर्षापासून गटात कुणाला घ्यायचं याचा विचार करावा लागेल. तिला तोंडावर असं सांगून त्यांनी भात मागवला.

"आणि तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. "तुम्ही दिसला नाहीत यंदा."

"मी नव्हते," मी म्हटलं. "हिला येता यावं म्हणून हिच्या जागी पासलीत भात कापत होते." आणि मग माझा तोल गेला. मी बाह्या वर करून हातावरचं पुरळ दाखवलं. सावड म्हणजे काय ते सांगितलं. ही इतकी वर्षं का येऊ शकली नाही ते सांगितलं. तुम्ही रडायला पुण्याला जाता तेव्हा तुमच्या ताटातला भात कोण कापतं हेही सांगितलं. एवढं मी त्या खोलीत आधी कधी बोलले नव्हते. बोलून थांबले तेव्हा मला धाप लागली होती.

क्षणभर मला वाटलं, पोचलं कुठंतरी.

मग निळ्या केसांची बाई म्हणाली, "किती एस्थेटिक आहे हे." तिचे डोळे चमकत होते. "आपण सगळेच जाऊ या का पुढच्या वर्षी? किमोनो घालून. भाताच्या शेतात फोटो काय येतील." अध्यक्षांचाही चेहरा खुलला. ते म्हणाले, जपानमध्येही अगदी अशीच पद्धत होती, मी वाचलंय. मग भात आला, आमच्याच डोंगरातला चिकट इंद्रायणी, आणि त्यांनी पिशवीतून जपानी काड्या काढून तो खायला सुरुवात केली. काड्यांतून शितं सांडत होती.

मी टोपलीतून दोन्ही मोबाईल उचलले. ती आधीच उठली होती. आम्ही दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर आलो. कुणी हाक मारली नाही.

पुलाकडून गाड्या सुसाट येत होत्या. आम्ही हायवेच्या कडेला चेलाडीकडे जाणाऱ्या गाडीसाठी हात करत उभ्या राहिलो. दोन टेम्पो न थांबता गेले. मी अजून धुमसत होते, आणि खरं सांगायचं तर मला तिचाही राग आला होता. एक दिवस वाकून माझी कंबर गेली आणि हिनं तिथून आणलं काय, तर गर्दी. मी ते बोलूनही दाखवलं.

तिनं ओढणी डोक्यावरून घेतली. "मागच्या दाराला गेलते, ताई," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"हुता. पायरीवर बसला हुता. त्वांडाला काळं, शिंगं, समदं. पंख काडून भिताडाला लावल्यालं. डबा खात हुता."

"आणि आई?"

"आय न्हवती. बाप हुता. चष्मा नाकावर घिऊन पंख शिवत हुता. येत न्हवतं त्येला, सारकी सुई बोटात जायाची. म्या दिला मग शिवून."

एक एसटी आली, भरलेली होती, थांबली नाही. मी विचारलं, "अगं, मग हे आत का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "त्ये त्येंनला पयल्याच वर्साला सांगून बसले की."